कुम्पारेच्या इंजिनाचं झाकण

विश्वास हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. आमच्या सान्तो रोसारियो गावात या पायावर आजवर एक मळणीयंत्र, एक बर्फाचा कारखाना आणि एक सहकारी डुक्करपालन संस्था उभी राहिली. तिन्ही बसली. क्रिसान्तोच्या जीपनीला, म्हणजे प्रवासी वाहणाऱ्या लांबट जीपला, नवं इंजिन बसवायची वेळ आली तेव्हा तेही याच पायावर बसवायचं ठरलं.

जुन्या इंजिनाचा शेवट सगळ्या गावासमोर झाला. ऑक्टोबरात रोझरीच्या मातेची जत्रा असते, आणि त्या वर्षी मातेचा रथ ओढायचा मान क्रिसान्तोच्या गाडीला मिळाला होता. गाडीच्या कपाळावर लाल-पिवळ्या अक्षरांत 'लिवायवाय' असं त्याच्या मुलीचं नाव आहे. त्याआधी तिथे 'पुरिंग' असं बायकोचं नाव होतं, आणि ते खोडल्याचं पुरिंग अजून विसरलेली नाही. गाडी धुऊनपुसून, फुलांच्या माळा घालून निघाली. चर्चच्या चढावर आली आणि मागच्या नळीतून पांढरा धूर सोडू लागली. धूर इतका दाट की मागच्या रथातली माता दिसेनाशी झाली. काही म्हाताऱ्यांनी चमत्कार समजून गुडघे टेकले. मग बॉनेटखालून वाफ उसळली, पाद्रीबाबा खोकायला लागले आणि चमत्कार नसल्याचं सर्वांच्या लक्षात आलं. उरलेली वाट रथ बँडवाल्यांनी ढकलला. वाजवायला कोणी न उरल्यामुळे मिरवणूक शांततेत पार पडली.

लोक जमले. तीन जण बाह्या सरसावून बॉनेटकडे निघाले.

"हात लावू नका!" क्रिसान्तो ओरडला. "मेलंय ते. पूर्ण मेलं."

यात त्याचा हिशोब होता. बिघडलेलं इंजिन म्हणजे ड्रायव्हरचं दुर्लक्ष. मेलेलं इंजिन म्हणजे दैव. बिघाडाबद्दल लोक टोमणे मारतात, मरणाबद्दल हळहळतात. क्रिसान्तोने हळहळ निवडली, आणि एकदा मेलं म्हटल्यावर ते उघडून पाहणं कोणालाच बरं दिसेना.

दुसऱ्या दिवसापासून तो आम्बोच्या जीपनीवर कंडक्टर झाला. आम्बो म्हणजे पुरिंगचा धाकटा भाऊ. त्याला स्टिअरिंग धरायला क्रिसान्तोनेच शिकवलं होतं. आता क्रिसान्तो मागच्या पायरीवर एका हाताने लोंबकळत "बाजार, बाजार, आणखी दोघं!" असं ओरडत असे आणि आम्बो आरशात बघून, थोरल्या भावाला मारतात ती हाक मारत, म्हणे, "कुया, जरा जोरात. गळा बसलाय का?" त्यावर आतल्या बायका हसत. त्यातल्या निम्म्या काल-परवापर्यंत क्रिसान्तोच्याच गाडीत बसणाऱ्या. चालक संघटनेने सांगून टाकलं होतं की नव्या वर्षाच्या आत ज्याची गाडी रांगेत उभी राहणार नाही, त्याची जागा दुसऱ्याला जाईल. दुसरा म्हणजे आम्बो. त्याने दुसऱ्या जीपनीसाठी रंग निवडून ठेवला होता.

तेव्हा इंजिन हवं होतं आणि ते देओदातोच्या यार्डात होतं. नदीकाठी पत्र्याच्या कुंपणात देओदातो जपानहून आलेली जुनी इंजिनं विकतो. एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला लहान, मध्ये त्याचं कोंबड्यांचं खुराडं. आणि देओदातो हा लिवायवायचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने तिला हातावर धरलं, तेव्हापासून तो आणि क्रिसान्तो एकमेकांचे कुम्पारे. एकमेकांना हाक मारायची ती 'पारे'. असं नातं भावापेक्षा घट्ट असतं, कारण भावाशी भांडता येतं. कुम्पारेला भाव विचारायचा नसतो आणि त्याचा माल तपासायचा नसतो. तपासला, तर त्याला चोर म्हटल्यासारखं होतं. मग पुढच्या प्रत्येक वाढदिवसाला शेजारी बसून नूडल्स खाताना दोघांच्याही घशाखाली काही उतरत नाही.

पुरिंगला हे सगळं माहीत होतं, तरी ती म्हणाली, "वर तेलाचं झाकण असतं ते उघड. आत बोट घाल. तेल काळं असलं तर चालेल. दुधाळ असलं तर आत पाणी गेलंय. पुढची पुली हाताने फिरवून बघ, अडकते का. सुरू करायला सांग, पण आधी हात लावून बघ, थंड आहे ना. विकणारे आधीच तापवून ठेवतात."

"पारे आहे तो."

"म्हणून तर म्हणते. परका असता तर तू आपणहून बघितलं असतंस."

"बघतो," क्रिसान्तो म्हणाला. सुमानची, म्हणजे केळीच्या पानातल्या चिकट भाताची, जुडी घेऊन तो निघाला. कुम्पारेकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं. आणि जुडी हातात असली की हात इंजिनाला लागत नाही, हे त्याला वाटेत सुचलं आणि जरा बरं वाटलं.

यार्डात शिरल्याबरोबर त्याला ते दिसलं. नदीकडच्या भिंतीला लागून एक रांग, सगळी इंजिनं हिरव्यागार ताज्या रंगात, आणि त्यात एक अगदी त्याच्या जुन्यासारखं. तोच बांधा, तीच मापं.

"पारे, हे चालेल मला," तो म्हणाला.

देओदातोचा चेहरा उतरला. "ते? ते कशाला? इकडे ये, या रांगेत बघ. चांगली आहेत, मोठी आहेत."

क्रिसान्तोला भरून आलं. पारे आपल्याला भारीतलं देऊ पाहतोय, आणि त्याचं ओझं मुलगी लग्नाची होईपर्यंत उतरणार नाही. "नाही पारे. मला साधंच बरं. हेच."

आता जे क्रिसान्तोला ठाऊक नव्हतं ते सांगायला हवं. ऑगस्टात नदी यार्डात शिरली होती. हे सर्वांना माहीत होतं, ती सगळ्यांकडेच शिरली होती. पण नदीकडची रांग छातीभर पाण्यात बुडून राहिली, हे फक्त देओदातो आणि त्याची बायको आउरिंग यांनाच ठाऊक होतं. पाणी ओसरल्यावर मदतीचा तांदूळ वाटायला लोक आले, तेव्हा देओदातो फाटकात उभा राहून म्हणाला होता, "माझं काही गेलं नाही. ज्यांचं गेलंय त्यांना द्या." वर आपल्या पदरचं एक पोतंही दिलं. टाळ्या पडल्या. त्यानंतर बुडालेलं काही कोणाला दाखवायची सोय राहिली नाही. त्याने ती रांग धुतली आणि लाज दिसू नये म्हणून हिरवी रंगवली. विकायचा विचार नव्हता. पण ते सांगायचं तर "माझंही गेलं होतं" इथून सुरुवात करावी लागली असती. आणि विकायचं नाही म्हणावं, तर कुम्पारेला नाही म्हटल्याची गावभर चर्चा.

मग देओदातोला एकच वाट दिसली. पारेने स्वतःच बघावं.

"मी कॉफी सांगतो," तो म्हणाला. "जरा वेळ लागेल हं. बराच वेळ. नट खोलायचे पाने तिथे पेटीत आहेत. लागले तर."

"कशाला लागतील?" क्रिसान्तो म्हणाला.

देओदातो गेला आणि घराच्या खिडकीच्या पडद्याआड उभा राहिला. क्रिसान्तोने एक टायर ओढलं, इंजिनाकडे पाठ केली आणि त्यावर बसला. कोणी लांबून पाहिलं तरी त्याच्या मनात संशय नाही हे दिसावं, म्हणून त्याने हातही मांडीवर उघडे ठेवले. तो खुराड्यातल्या कोंबड्या बघत राहिला. कॉफी आली तेव्हा निवली होती. देओदातोने पाने पाहिले. एकही हललेला नव्हता.

"उद्या पुन्हा ये, पारे," तो खचून म्हणाला. "घाई करू नकोस."

घरी पुरिंगने विचारलं, "बोट घातलंस?"

"वातावरण तसं नव्हतं."

"बोट घालायला वातावरण लागतं? मग मी येते उद्या."

"तू आलीस तर बायकोला तपासायला आणलं म्हणतील!"

"त्यात काय खोटं आहे?"

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. देओदातोने रात्रीतून पुष्कळ विचार केला होता. या वेळी पाना पेटीत नव्हता, थेट तेलाच्या झाकणावर ठेवला होता. शेजारी हात पुसायला स्वच्छ फडकं, आणि भर दुपार असूनही विजेरी. यापेक्षा उघड बोलणं म्हणजे पाटी लावणं झालं असतं. क्रिसान्तोने ते सगळं पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले. पारे आपली परीक्षा घेतोय, असं त्याला वाटलं.

"हल्ली लोक फार नीट तपासून घेतात, पारे," देओदातो म्हणाला.

"लोक. परके लोक."

"घरच्यांनीही बघावं. मी तर म्हणतो, घरच्यांनी जास्त बघावं."

"तुझ्यावर अविश्वास दाखवू? लिवायवायच्या डोक्यावर पाणी पडत होतं तेव्हा तिला धरून कोण उभं होतं?"

पाण्याचं नाव निघताच देओदातो फडक्याची घडी मोडून पुन्हा घालू लागला. मग म्हणाला, "मला एक फोन करायचाय. लांबचा आहे."

तो गेला. क्रिसान्तो पुन्हा टायरवर बसला. पण आज पाठ फिरवून बसवेना. डोळ्यांसमोर आम्बो, आरसा, आणि त्या हसणाऱ्या बायका येत होत्या. झाकणावर तो पाना. त्याने फाटकाकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं, पडदा स्थिर होता. मग माणूस देवळात दानपेटीजवळ उभा राहतो तसा तो इंजिनाजवळ उभा राहिला, जणू सहज, जणू दुसऱ्याच कामाला आलाय. पाना बाजूला ठेवला. झाकण हातानेच फिरलं. देओदातोने ते आधीच सैल करून ठेवलं होतं. त्याने बोट आत घातलं.

बोट बाहेर आलं ते राखाडी होतं. आटवलेलं दूध घातलेल्या कॉफीसारखं. त्याने वास घेतला. नदीचा वास. पूर ओसरल्यावर आमच्या सगळ्यांच्या गाद्यांना येत होता तोच.

पडद्याआड देओदातो आउरिंगचा दंड दाबून पुटपुटला, "उघडलं! अगं, उघडलं त्याने!" आणि पायांत चपलाही न घालता बाहेर धावला. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा इतका उजळला नव्हता.

"बघितलंस ना, पारे? बघितलंस?"

क्रिसान्तोने धावत येणारा कुम्पारे पाहिला आणि त्याला एवढंच कळलं की आपण पकडले गेलो. इंजिन बुडालेलं आहे ही गोष्ट त्या क्षणी फार लहान झाली. त्याने झाकण फिरवून बंद केलं आणि हात पाठीमागे नेला.

"काय बघायचंय? डास होता."

"डास?"

"झाकणावर बसला होता. मारला."

देओदातोचा चेहरा हळूहळू विझला. तरी त्याने प्रयत्न सोडला नाही. "आणि... वास? वास कसा वाटला?"

"कसला वास?"

"नाही, डासाचा असतो कधीकधी."

"मला नाही आला."

क्रिसान्तो पाठीमागे विजारीला बोट पुसत होता. देओदातो त्याच्या त्या कोपराच्या हालचालीकडे पाहत होता आणि पाहत नसल्यासारखं करत होता. त्याला कळलं होतं की पारेला कळलंय. पारेला ते मान्य नाही म्हटल्यावर आपण मान्य करणं म्हणजे पारेला खोटं पाडणं. तो म्हणाला, "उन्हात उभा राहू नकोस."

"उद्या हातगाडी आणतो," क्रिसान्तो म्हणाला आणि त्याने पैशांचा लिफाफा काढून इंजिनावर ठेवला. "माझं जुनं मेलेलं तेवढं तू भंगारात घे. दारात बघवत नाही."

"घेतो," देओदातो म्हणाला. त्याने लिफाफा दोन बोटांत असा धरला की जणू तोही ओला आहे.

घरी इंजिन आलं तेव्हा आमची अर्धी गल्ली बघायला आली. हिरवा रंग सर्वांना आवडला. पुरिंगने सगळे जाईपर्यंत वाट पाहिली.

"बघितलंस का?"

"बघितलं."

"खरंच?"

"बोट घालून बघितलं. विजार बघ."

पुरिंगने विजार पाहिली. मग झाकण उघडून स्वतः बोट घातलं. तिचं वजन माफक आहे, पण ती इंजिनावर बसली तेव्हा आतून पाणी हलल्याचा आवाज आला, असं शेजारीण अजून सांगते.

"हे तुला दिसलं होतं? आणि तरी घेतलंस?"

"काय करणार? त्याने मला बघताना बघितलं."

"मग आता परत कर."

"काय सांगून?"

"आत पाणी आहे म्हणून!"

"म्हणजे मी उघडून बघितलं हे कबूल करू? मी डास म्हणालोय, पुरिंग."

पुरिंगने छत्री घेतली आणि स्वतः निघाली. ऊनही नव्हतं आणि पाऊसही नव्हता; तिला हातात काहीतरी हवं होतं. तासाभराने ती परतली तेव्हा एका हातात छत्री होती आणि दुसऱ्या हातात बशी, बशीत कसाव्याचा केक.

"बोललीस?"

"काय बोलणार? आउरिंगने आधी बसायलाच सांगितलं. मग लिवायवाय कितवीत आहे विचारलं. मग रडायलाच लागली, म्हणे पूर आल्यापासून तिला झोप नाही. मी म्हटलं, मलाही नाही." पुरिंगने बशी ठेवली. "केक चांगला झालाय. खा."

इंजिन ताडपत्रीखाली गेलं. 'मुहूर्त बघतोय' असं क्रिसान्तो सांगे. नाताळच्या आधीच्या पहाटेच्या मिसा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, सुरू झाल्या, जीपन्या अंधारातच भरून धावू लागल्या, आणि क्रिसान्तो आम्बोच्या पायरीवर लोंबकळत "चर्च, चर्च!" ओरडत राहिला. "कुया," आम्बो आरशातून म्हणाला, "तुझ्या हिरव्याला अंडी उबवायला ठेवलंयस का?" आतल्या बायका हसल्या. क्रिसान्तोने पैसे गोळा केले आणि सुट्टे परत देताना कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

याच सुमारास वस्तीचे कप्तान, म्हणजे आमचे सरपंच, बास्केटबॉलच्या खांबासाठी वजन शोधत होते. खांब दर वादळात झुकायचा. क्रिसान्तो म्हणाला, "माझं इंजिन घ्या." कप्तान बघतच राहिले. म्हणाले, "नवंकोरं?" क्रिसान्तो म्हणाला, "गावासाठी." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर पुढे काय होतं याचा अनुभव देओदातोला होता, क्रिसान्तोला तो नव्याने येत होता.

उद्घाटनाच्या सामन्याला दोघं कुम्पारे एकाच बाकावर बसले. चेंडू अधूनमधून हिरव्या इंजिनावर आपटे आणि डबडब असा आवाज होई. प्रत्येक वेळी दोघंही जोरात टाळ्या वाजवत, कोणी बास्केट केली नसली तरी.

मग नाताळची सकाळ आली. आमच्याकडे त्या दिवशी मुलांना धर्मपित्याकडे नेतात, मूल त्याचा हात कपाळाला लावतं आणि त्याने काहीतरी द्यायचं असतं. पोरांना बहुतेक एक नोट मिळते, नशीब असेल तर बाहुली. क्रिसान्तो जायला तयार नव्हता. पुरिंगने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाली, "न जाणं म्हणजे सांगणंच झालं." तेव्हा तो गेला.

लिवायवायने देओदातोचा हात कपाळाला लावला. देओदातोने घसा साफ केला आणि सगळ्यांना यार्डात नेलं. तिथे फळ्यांच्या खोक्यावर एक इंजिन होतं. या वेळी निळं. त्याला तांबडी रिबीन बांधली होती, आणि रिबिनीला पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: लिवायवायला, धर्मपित्याकडून.

लिवायवायला बाहुली हवी होती. तिने आईकडे पाहिलं. आईने डोळे वटारले. तेव्हा ती धर्मपित्याला "धन्यवाद, निनोंग" म्हणाली.

"लहान पोरीला हे..." क्रिसान्तो पुठ्ठा उलटून बघत म्हणाला.

"गाडीवर नाव तिचंच आहे ना?" देओदातो जमिनीकडे बघत म्हणाला. "जपानचं आहे. आत्ताच आलंय. हवं तर तपास, पारे. सगळ्यांसमोर तपास."

पण ही तर भेट होती, आणि भेटीचं झाकण कोण उघडतं? क्रिसान्तो नुसता भोवती फिरला. मागच्या बाजूला, धुराची नळी जोडतात त्या कानावर, वेल्डिंगचा एक वेडावाकडा गोळा होता. तो गोळा त्याने स्वतः, उसन्या वेल्डिंग मशीनवर, लिवायवायच्या जन्माच्या वर्षी पाडला होता. तो बराच वेळ तिथे वाकून राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होत्या.

"जपानचंच आहे," तो म्हणाला. "वेल्डिंगवरून कळतं."

"त्यांचं काम वेगळंच," देओदातो म्हणाला.

दोघांनी हात मिळवले आणि मग नूडल्स खाल्ल्या. वर्ष संपायच्या आदल्या दिवशी 'लिवायवाय' चर्चचा चढ धूर न सोडता चढली आणि रांगेत आपल्या जागी उभी राहिली. आम्बोने रंगाचे डबे परत नेऊन दिले. म्हाताऱ्यांनी या वेळी गुडघे टेकले नाहीत.

चौकातल्या गॅस्केटवाल्याकडे देओदातो नोव्हेंबरात गेला होता. क्रिसान्तोच्या मेलेल्या इंजिनात बिघडली होती ती फक्त जोडातली एक पातळ पट्टी, हेड गॅस्केट.